तारा म्हणजे चांदणी की तारणारी? मुलीच्या नावाचा अर्थ नेमका शोधायचा कसा

बारसं दोन दिवसांवर आलेलं असतं. घुगऱ्यांसाठी हरभरे आणून ठेवलेले असतात, पाळणा कुणाकडून तरी मागून आणलेला असतो, आत्याबाईंनी नाव पक्कं केलेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच घरातला कुणीतरी मोबाइल काढून विचारतो, "पण ह्या नावाचा अर्थ काय?" पुढचा अर्धा तास गोंधळ. एका संकेतस्थळावर एक अर्थ, दुसऱ्यावर दुसरा, तिसऱ्यावर तर नावच आपलं नाही, परदेशी आहे म्हणून सांगितलेलं.

'तारा' या नावाचं सध्या असंच होतंय. आजी-पणजीच्या पिढीत 'ताराबाई' म्हणून घरोघरी असलेलं हे नाव मधल्या काळात मागे पडलं आणि आता 'बाई' गाळून पुन्हा पाळण्यात आलंय. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, मुंबईपासून मेलबर्नपर्यंत कुणाच्याही जिभेला जड जात नाही. पण शोधायला गेलं की कुठे 'चांदणी', कुठे 'तारणारी', कुठे 'डोळ्यातली बाहुली', कुठे 'टेकडी'. कोल्हापुरात एखाद्या आजीला विचारलं तर ती म्हणेल, "अगं, ताराराणीचं नाव ते. आणि काय अर्थ पाहिजे?"

गंमत म्हणजे यातलं एकही उत्तर निखालस खोटं नाही. 'नावाचा अर्थ काय' हा एक प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. या शब्दाचा अर्थ काय? हा शब्द आला कुठून? आणि हे नाव आजवर कुणाकुणाचं होतं? तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. संकेतस्थळं ती एकाच ओळीत कोंबतात, म्हणून घोळ होतो.

## मराठीत 'तो तारा', मग मुलीचं नाव कसं?

ही शंका बऱ्याच जणांना येते आणि ती रास्त आहे. मराठीत तारा पुल्लिंगी. तो तारा तुटला, ते तारे लुकलुकतात. हिंदीतही तसंच. मग मुलीला तारा का म्हणायचं?

कारण मुलीचं नाव मराठीतल्या 'ताऱ्या'वरून आलेलंच नाही. ते थेट संस्कृतातून आलंय, आणि संस्कृतात 'तारा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आपल्या व्याकरणानेही हा फरक गुपचूप जपलाय. आभाळातला असेल तर आपण 'ताऱ्याला' म्हणतो, घरातली असेल तर 'ताराला'. कुणी 'ताऱ्याला शाळेत सोडून आलो' म्हणत नाही.

संस्कृत कोशात 'तारा'चा पहिला अर्थ आकाशातली चांदणी, आणि त्याच्याच जवळ डोळ्यातली बाहुली हाही अर्थ आहे. म्हणजे 'डोळ्यातली बाहुली' सांगणाऱ्या संकेतस्थळाने ते हवेतून काढलेलं नाही.

## चांदणीचं घराणं

शब्दाचं मूळ आणि त्याचा प्रवास शोधणं, याला व्युत्पत्ती म्हणतात. 'तारा'ची व्युत्पत्ती शोधत मागे गेलं की आपण ऋग्वेदापर्यंत पोचतो. तिथे 'ताऱ्यांनी' या अर्थाचं 'स्तृभिः' असं रूप येतं, आणि त्याच शब्दाचं अनेकवचन 'तारः' असंही येतं. म्हणजे सुरुवातीला या शब्दात एक 'स' होता, काही रूपांत तो टिकला, काहींत गळाला. पुढच्या संस्कृतात 'स' नसलेलं रूपच रुळलं.

तो गळालेला 'स' इतर भाषांनी मात्र सांभाळून ठेवला. फारसीत 'सितारा', ग्रीकमध्ये 'आस्तेर', लॅटिनमध्ये 'स्टेला', इंग्रजीत 'स्टार'. या भाषा एकाच आदिभाषेच्या लेकी असल्यामुळे हे सगळे शब्द एकमेकांच्या नात्यातले आहेत. कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत. तेव्हा कोल्हापुरात शेजारशेजारच्या बाकांवर बसणाऱ्या तारा, सितारा आणि स्टेला या तिघींची नावं मुळात एकच. तीन धर्मांच्या घरांतून आलेल्या मुली, पण शब्दाचं कूळ एक.

नजमा हे नावसुद्धा 'तारका' याच अर्थाचं, पण ते अरबी 'नज्म'वरून आलेलं, त्याचं कूळ वेगळं. सुरैया आणि परवीन ही दोन्ही नावं आकाशातल्या एकाच पुंजक्याची, पहिलं अरबीतून आलेलं, दुसरं फारसीतून. आपण त्या पुंजक्याला कृत्तिका म्हणतो. अर्थ एक असला म्हणजे मूळ एक असतंच असं नाही, हे इथे लक्षात ठेवलेलं बरं. पुढे याची उलट बाजूही येणार आहे.

## दुसरी तारा: पैलतीराला नेणारी

आता 'तारणारी' हा अर्थ. संस्कृतात क्रियेचं जे मूळ बीज असतं त्याला धातू म्हणतात. 'तॄ' या धातूचा अर्थ ओलांडणे, पाण्यातून पार होणे. आपलं तरणं, तारणं, उतरणं याच बीजाचं. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायची जागा, उतार. अवतार म्हणजे खाली उतरणं. जी दुसऱ्याला पार नेते ती तारा.

या अर्थाची तारा जगभर गेली ती बौद्धांमुळे. महायान आणि वज्रयान पंथांत तारा ही संकटातून सोडवणारी मोठी देवी. ती आठ भयांपासून राखते असं मानलं जाई: सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बेड्या, पाणी आणि पिशाच. यादी नीट वाचली तर ती एका प्रवाशाची, त्यातही व्यापाऱ्याची भीती आहे हे कळतं. रानातून तांडा न्यायचा, वाटेत चोर, परक्या राजाने धरलं तर बेड्या, आणि समुद्रात गलबत बुडायची धास्ती. पार नेणारी देवी याच लोकांना हवी होती.

ही देवी आपल्यापासून लांब हिमालयातच होती असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. वेरूळ, औरंगाबाद, कान्हेरी इथल्या लेण्यांत तारा कोरलेली आहे. कर्नाटकात गदगजवळ डंबळ नावाचं गाव आहे. तिथे शके 1017 चा, म्हणजे इसवी सन 1095 च्या सुमाराचा शिलालेख सापडला, त्याची सुरुवातच भगवती तारेला नमन करून होते आणि वर सांगितलेली आठही भयं त्यात ओळीने येतात. हा लेख कल्याणीच्या चालुक्यांच्या सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. कोल्हापूरचे शिलाहार त्याच सम्राटाचे मांडलिक होते. अंबाबाईच्या मंदिराचा इतिहास वाचताना शिलाहारांचं नाव वारंवार भेटतं. त्याच काळात, त्याच राज्याच्या एका कोपऱ्यात तारेची पूजा चालली होती. समुद्रापलीकडे जावा बेटावर कलसन इथला 778 सालचा लेखही तारेच्या मंदिराबद्दलच आहे. म्हणजे गलबतांबरोबर देवीही गेली.

आणि तिबेटी लोकांनी तर आपल्या प्रश्नाचं उत्तर लिहूनच ठेवलंय. संस्कृत ग्रंथांची भाषांतरं करताना त्यांनी तारा हे नाव जसंच्या तसं न ठेवता त्याचा अर्थ केला. तिबेटीत ती झाली 'डोलमा', म्हणजे सोडवणारी, तारणारी. त्यांनी 'चांदणी' असा अर्थ घेतला नाही. थंडीत गावोगावी लोकरीचे स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बायकांत डोलमा नावाची एखादी हमखास भेटते. ती आपल्या ताराची नामबहीण.

## मग खरा अर्थ कोणता?

इथे आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. कोल्हापुरात एका गल्लीत चार पाटील सहज सापडतात. एक कागलकडचे, एक शिरोळचे, एक राधानगरीचे, चौथे आणखी कुठले. एक मराठा, एक जैन, एक लिंगायत. दारावरची पाटी सारखी म्हणून आपण त्यांना भाऊबंद समजत नाही. पण वर्षानुवर्षं शेजारी राहिल्यावर त्यांची एकमेकांच्या घरी ये-जा होते, आणि बाहेरच्याला ती एकाच घरची माणसं वाटू लागतात.

'तारा'चं असंच झालं. भाषेच्या अभ्यासाप्रमाणे चांदणी ही तारा एका मुळाची आणि तारणारी तारा दुसऱ्या मुळाची. उच्चार मात्र एकच झाला. आणि जुन्या लोकांनी दोघींचं नातं फार पूर्वीच जोडून टाकलं. तैत्तिरीय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात चांदण्यांना 'तारका' का म्हणतात याचं कारण दिलंय: मध्ये सगळं पाणी होतं, त्या ते तरून गेल्या, हेच त्यांचं तारकापण. आजचा भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करणार नाही. पण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रात्रीच्या आभाळाकडे बघून ते पाणी आहे आणि चांदण्या ते पोहून जातायत असं म्हटलं, हे मला कुठल्याही कोशातल्या अर्थापेक्षा जास्त आवडतं.

तेव्हा बारशात कुणी 'चांदणी' म्हणालं तर बरोबर, 'तारणारी' म्हणालं तरी बरोबर. चूक एवढीच की एकाने दुसऱ्याला चूक ठरवावं.

## पुराणातल्या तारा, आणि एक नाजूक आक्षेप

घरातल्या जाणत्या माणसाला पुराणं माहीत असली की आक्षेप येतो: "तारा म्हणजे बृहस्पतीची बायको ना? चंद्राने पळवून नेलेली? कशाला ते नाव?"

कथा आहे तशी. चंद्राने बृहस्पतीची पत्नी तारा नेली, त्यावरून देव-दानवांचं युद्ध पेटलं, शेवटी तारा परत आली आणि तिला बुध हा मुलगा झाला. आकाशातल्या गुरू, चंद्र आणि बुधाची सांगड घालणारी ही गोष्ट आहे. बुधापासून पुढे चंद्रवंश सुरू झाला, म्हणजे कौरव-पांडव आणि यादव सगळेच या तारेचे वंशज. अपशकुनी म्हणून हिला बाजूला सारलं तर कृष्णालाही सारावं लागेल.

पण पुराणात तारा ही एकच नाही. रामायणात वालीची पत्नी तारा आहे, आणि माझ्या मते किष्किंधेतलं सगळ्यात शहाणं माणूस तीच. सुग्रीव पुन्हा युद्धाला ललकारतोय म्हणजे त्याच्या पाठीशी कुणीतरी बळकट आहे, जाऊ नकोस, असं तिने वालीला बजावलं होतं. त्याने ऐकलं नाही. पुढे लक्ष्मण संतापून सुग्रीवाच्या दारात आला तेव्हा त्याला शांत करायलाही तीच पुढे झाली. अहल्या, द्रौपदी, मंदोदरी यांच्यासोबत पंचकन्यांच्या श्लोकात रोज स्मरायची तारा ती हीच. शिवाय हरिश्चंद्राची तारामती आहे. दशमहाविद्यांमध्ये, म्हणजे तंत्रमार्गातल्या दहा देवींमध्ये, कालीनंतर येणारी तारा आहे, बंगालात तिचं मोठं प्रस्थ. ज्याला जी तारा आठवते त्यावरून त्याचा आक्षेप किंवा पसंती ठरते. नावाचा दोष त्यात काही नाही.

## कोल्हापूरची तारा

आता तिसरा प्रश्न, हे नाव कुणाचं होतं. कोल्हापुरात याचं उत्तर कोशात बघावं लागत नाही, रस्त्यावरच मिळतं. कावळा नाक्याचा अश्वारूढ पुतळा, ताराराणी चौक, ताराबाई पार्क, ताराबाई रोड, ताराराणी विद्यापीठ, महापालिकेच्या राजकारणातली ताराराणी आघाडी. इथे 'तारा' म्हटलं की आभाळाकडे कुणी बघत नाही.

ताराराणी या सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, जन्म 1675 चा. छत्रपती शिवरायांच्या धाकट्या मुलाशी, राजाराम महाराजांशी त्यांचं लग्न झालं. मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराराणी पंचविशीच्या आणि मुलगा शिवाजी चार वर्षांचा. औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ देऊन एकेक किल्ला घेत फिरत होता. अशा वेळी मुलाला गादीवर बसवून त्यांनी कारभार आणि लढाई दोन्ही हातात घेतलं. बादशहा महिनोन् महिने वेढा घालून किंवा पैसे मोजून एक किल्ला घ्यायचा, तो पुढे सरकला की मराठे मागे तो परत घ्यायचे, शिवाय मोगली मुलखात खोल शिरून लुटायचे. सात वर्षं हे चाललं. 1707 मध्ये औरंगजेब दख्खनेतच मेला.

त्यानंतरचं आयुष्य मात्र सरळ नव्हतं. मोगलांनी सोडलेल्या शाहू महाराजांशी गादीवरून झगडा झाला, खेडच्या लढाईत ताराराणींची बाजू हरली. त्या पन्हाळ्याकडे आल्या आणि 1710 च्या सुमारास करवीरची वेगळी गादी उभी राहिली. पण 1714 मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजी महाराजांना गादीवर बसवलं आणि ताराराणी कैदेत गेल्या. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या कायमच्या वेगळ्या ठरल्या. ताराराणी नंतर साताऱ्यात राहिल्या, तिथलंही राजकारण त्यांनी सोडलं नाही. पानिपतचा घाव बघून, 1761 च्या डिसेंबरात, छ्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या.

आता काही जण म्हणतील, वैधव्य, कैद, घरातली भांडणं, अशा बाईचं नाव लेकीला द्यायचं? हा प्रश्न मला पुरुषांच्या नावांबाबत कधी ऐकू आला नाही. संभाजी नाव ठेवताना कुणी शिवपुत्र संभाजी महाराजांच्या शेवटाचा विचार करून थांबत नाही, उलट अभिमानाने ठेवतात. मग तारालाच ही कसोटी का?

ताराराणींमुळे या नावाला आपल्या भागात एक धार आली हे खरं. पुढेही ते नाव मऊ बायकांच्या वाट्याला फारसं गेलेलं दिसत नाही. 1882 साली पुरुषी ढोंगावर जळजळीत निबंध लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. बालशिक्षणासाठी आदिवासी पाड्यांवर जाऊन राहिलेल्या ताराबाई मोडक. आणि कोल्हापूरच्या शेजारी, सांगलीत राहून आयुष्यभर लोकसंस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. तारा भवाळकर, 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा. नावामुळे माणूस घडतो असं मी म्हणत नाही. माणसांमुळे नाव घडतं, एवढं मात्र यातून दिसतं.

## आयर्लंडची टेकडी मध्येच कुठून आली?

संकेतस्थळांवर 'तारा: आयरिश नाव, अर्थ टेकडी' असं दिसतं ते वेगळ्याच शब्दाबद्दल आहे. आयर्लंडमध्ये मीथ परगण्यात तारा नावाची प्राचीन टेकडी आहे, जुन्या आयरिश राजांची मानाची जागा. आयरिश भाषेत तिचं नाव बरंच वेगळं, 'तेव्हर'च्या जवळपास उच्चारलं जाणारं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'तारा' झालं. उंच, चौफेर नजर पोचणारी जागा असा त्याचा अर्थ साधारणपणे दिला जातो. पुढे अमेरिकेत 1939 साली आलेल्या एका गाजलेल्या चित्रपटात नायिकेच्या जमीनजुमल्याचं नाव तारा होतं, आणि तिकडे मुलींना हे नाव देण्याची लाट आली.

म्हणजे मघाशी म्हटलं त्याची ही उलट बाजू: उच्चार एक, मूळ पूर्ण वेगळं. न्यू यॉर्कची एखादी तारा आणि निपाणीची तारा यांच्या नावांत कसलंही नातं नाही. पण परदेशात शिकायला गेलेल्या मुलीला याचा फायदाच होतो, तिचं नाव कुणी मोडत नाही.

हा घोळ एकट्या तारेचा नाही. 'कियारा' घ्या. 'संस्कृत, अर्थ प्रकाशकिरण' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. संस्कृतात असा शब्द नाही. इटालियन 'क्यारा' म्हणजे स्वच्छ, उजळ. आणि आयरिश 'कीरा' म्हणजे काळसर, काळ्या केसांची. एका नावाचे दोन उगम आणि अर्थ एकमेकांच्या थेट विरुद्ध! नाव गोड आहे, जरूर ठेवा. फक्त ते संस्कृत म्हणून सांगू नका.

## "नक्षत्राचं नाव मुलीला ठेवू नये म्हणतात"

म्हणतात, आणि ते निराधार नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कुठली मुलगी टाळावी याची यादी आहे, तीत नक्षत्र, झाड आणि नदी यांच्या नावाची मुलगीही आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव उच्चारायला सोपं, गोड, स्पष्ट अर्थाचं, शुभ आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं असं सांगितलंय. काही गृह्यसूत्रं, म्हणजे घरातल्या संस्कारांचे नियम सांगणारे जुने ग्रंथ, मुलीच्या नावात विषम अक्षरं हवीत म्हणतात. तारा सोपं आहे, दीर्घ स्वरही आहे, पण अक्षरं दोन. एका नियमात पास, दुसऱ्यात नापास.

आपल्या लोकांनी हे नियम किती मनावर घेतले? रोहिणी, रेवती, अश्विनी, चित्रा, स्वाती, अनुराधा, विशाखा. कृष्णा, गोदावरी, नर्मदा, तुळसा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेचं जुनं हजेरीपुस्तक उघडा, मनूने टाळायला सांगितलेल्या नावांनीच ते भरलेलं असेल. त्या सगळ्यांची लग्नंही झाली.

## "पण रास तूळ नाही, मग ता कसं चालेल?"

पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे चार चरण असतात आणि प्रत्येक चरणाला एक आद्याक्षर नेमून दिलंय. 'ता' हे स्वाती नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं अक्षर, रास तूळ. तुमच्या मुलीचा जन्म दुसऱ्या नक्षत्रावर असेल तर पंचांगाप्रमाणे तिचं अक्षर वेगळं येईल. यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला तोडगा आहे: पाळण्यात पत्रिकेचं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. तो आजही चालतो.

जाता जाता एक. ज्योतिषात जन्मनक्षत्रापासून दिवसाचं नक्षत्र मोजून 'ताराबळ' काढतात. लग्नात अंतरपाट धरून भटजी 'ताराबलं चंद्रबलं तदेव' म्हणू लागले की मांडवात अक्षता, हार, मामा, करवली यांची एकच धावपळ उडते. आपला 'तारांबळ' हा शब्द त्यावरूनच आला असं सांगतात.

## संकेतस्थळावरचा अर्थ पारखायचा कसा

सगळ्यात आधी बघा, तिथे भाषा सांगितली आहे का. नुसतं 'अर्थ: सुंदर, देवाची देणगी' असं असेल तर पुढे वाचू नका. 'देवाची देणगी' आणि 'लक्ष्मीचं रूप' हे अर्थ या संकेतस्थळांवर इतक्या नावांना चिकटवलेले असतात की ते कुणाचेच उरत नाहीत.

भाषा संस्कृत सांगितली असेल तर शब्द कोशात सापडला पाहिजे. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश दोन्ही आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. आपट्यांचं शालेय शिक्षण कोल्हापुरातच झालं होतं, तेवढा आपला हक्क त्यांच्यावर आहे. कोशात शब्द नाही, धातूही लागत नाही, जुन्या वाङ्मयात त्या नावाची कुणी बाई नाही, तर ते नाव नवं घडवलेलं किंवा बाहेरून आलेलं समजावं. नवं असण्यात वाईट काही नाही. सगळी नावं कधीतरी नवीच होती. खोटं प्रमाणपत्र लावून ते जुनं म्हणून खपवणं तेवढं वाईट.

शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना एक फोन केला तरी हे काम होतं. उलट नाव ठेवून झाल्यावर त्यांना अर्थ विचारू नये, त्यांची पंचाईत होते.

## एवढा कीस काढायची गरज आहे का?

"नाव म्हणजे हाक मारायची सोय, अर्थ कोण बघतो," असं म्हणणारेही भेटतात. बहुतेक नावांच्या बाबतीत ते खरं आहे. मंगल नावाच्या बाईला हाक मारताना कुणाला रोज मंगळवार आठवत नाही.

पण आपल्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली जिल्हा परिषदेने एक कार्यक्रम केला होता. 'नकुशा', म्हणजे नकोशी, असं नाव असलेल्या दोनशेहून जास्त मुलींना त्या दिवशी नवी नावं मिळाली. मुलीवर मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल अशी समजूत. त्या मुलींना नावाचा अर्थ कोशात बघावा लागला नव्हता. शाळेत हजेरी घेताना रोज तो ऐकू यायचा. कोल्हापूर जिल्ह्यातही मुलींची संख्या एके काळी इतकी घसरली होती की आपण साताऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही. तेव्हा नाव ठेवताना अर्थ बघणारी घरं थोडी जास्त कीस काढत असतील तर काढू देत.

## नाव ठरलं, आता नोंद

जन्माची नोंद आधीच झाली असेल आणि नावाची जागा कोरी असेल तर नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं किंवा मुलीचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम लागतो.

तारा हे नाव असेल तर आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा: इंग्रजीत 'त'नंतर 'ए' एकदा लिहायचं की दोनदा. दोन्ही चालतं. पण जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं झालं की दहावीच्या अर्जाच्या वेळी प्रतिज्ञापत्रासाठी रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्या रांगेत नावाचा अर्थ कुणी विचारत नाही.